शब्द जवळचे, हक्क वेगळे

पनवेल हे आज सह्या करणाऱ्यांचे शहर झाले आहे. खारघर, कामोठे, कळंबोलीपासून करंजाडे, सुकापूर, विचुंब्यापर्यंत इमारती उभ्या राहत आहेत. 8 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि या भागातल्या जमिनीकडे सगळ्यांचे लक्ष आणखीच वळले. कोणी फ्लॅट घेतो, कोणी भाड्याने देतो, कोणी कर्ज काढतो, कोणी वडिलांच्या पश्चात सोसायटीत अर्ज करतो. या प्रत्येक व्यवहारात समोर येणारा कागद बहुधा इंग्रजीत असतो किंवा इंग्रजी शब्दांनी भरलेला असतो.

घरात, चहाच्या टपरीवर बोलताना आपण सैल बोलतो. ‘टॅक्स भरला’, ‘घर भाड्याने घेतले’, ‘ॲग्रीमेंट झाले’, ‘नाव लावले’. बोलण्यात एवढे पुरते. कागदावर मात्र लीज आणि लायसन्स, टॅक्स आणि फी, नॉमिनी आणि एअर (म्हणजे वारस) हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. शब्द बदलला की हक्क बदलतो, कधी पैसे बदलतात, कधी राहते घरच हातचे जाते. म्हणून हा फरक इंग्रजीच्या तासापुरता ठेवून चालणार नाही.

इंग्रजीत असे जवळजवळचे शब्द इतके का, याचे एक कारण इतिहासात आहे. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. राजदरबारात आणि न्यायालयात फ्रेंच आली, नोंदी लॅटिनमध्ये होत राहिल्या आणि सामान्य माणूस जुनी इंग्रजी बोलत राहिला. न्यायालयातला युक्तिवाद इंग्रजीत व्हावा असा कायदा झाला तो थेट 1362 मध्ये. तोवर तिन्ही भाषांचे शब्द कायद्यात मुरले होते. ‘डीड’ जुन्या इंग्रजीतला, ‘लीज’ आणि ‘मॉर्गेज’ फ्रेंचमधून आलेले, ‘लायसन्स’चे मूळ लॅटिनमध्ये. एकाच अर्थाचे वाटणारे शब्द वकिलांनी आणि न्यायाधीशांनी हळूहळू वेगवेगळ्या कामांना लावले. तीच वाटणी 1872 च्या करार कायद्यातून आणि 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातून आपल्याकडे आली आणि आजही चालू आहे.

दोन कॉर्पोरेशन

पनवेलची नगरपालिका 1852 ची, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक. 1 ऑक्टोबर 2016 रोजी ती महानगरपालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. इंग्रजीत सांगायचे तर म्युनिसिपल कौन्सिलचे म्युनिसिपल कॉर्पोरेशन झाले. पाटी बदलली तसा कायदाही बदलला. नगरपालिका 1965 च्या अधिनियमाखाली चालते, महानगरपालिका 1949 च्या. नगराध्यक्षाच्या जागी महापौर आला, मुख्याधिकाऱ्याच्या जागी आयुक्त आला. संविधानाच्या 74 व्या दुरुस्तीने शहरांच्या तीन पायऱ्या ठरवल्या आहेत: गावाचे शहर होत असेल तिथे नगरपंचायत, लहान शहराला नगरपालिका, मोठ्या शहराला महानगरपालिका.

पनवेलकरांना मात्र दुसऱ्याही एका कॉर्पोरेशनशी रोज काम पडते. सिडको या नावातला शेवटचा ‘को’ म्हणजे कॉर्पोरेशनच. नवी मुंबई वसवण्यासाठी 17 मार्च 1970 रोजी स्थापन झालेली सिडको ही राज्य शासनाच्या पूर्ण मालकीची कंपनी आहे. तिला मतदार नसतात, तिची निवडणूक होत नाही. महापालिकेत आपण नगरसेवक निवडून देतो, सिडकोत संचालक मंडळ असते आणि व्यवस्थापकीय संचालक असतो. मराठीने हा फरक नीट जपला आहे: एक महानगरपालिका, दुसरे महामंडळ. तक्रार घेऊन जाण्याआधी ती कोणत्या कॉर्पोरेशनची हे ठरवावे लागते. कचरा उचलला गेला नाही तर नगरसेवकाला जाब विचारता येतो. भूखंडाच्या भाडेपट्ट्याचा प्रश्न असेल तर तो सिडकोकडेच न्यावा लागतो.

टॅक्स, ड्यूटी, फी, चार्ज

महापालिका झाल्यानंतर स्थापनेपासूनचा मालमत्ता कर मागितला गेला, तेव्हा सिडको वसाहतींतल्या रहिवाशांनी मोठी हरकत घेतली. त्याच काळात आपण सिडकोला सेवाशुल्क भरले आहे, मग एकाच काळाचे दोनदा पैसे का, असा त्यांचा प्रश्न होता. हा वाद नीट कळायचा तर प्रॉपर्टी टॅक्स आणि सर्व्हिस चार्ज या दोन शब्दांकडे पाहावे लागते.

टॅक्स म्हणजे कर. तो कायद्याच्या अधिकाराने घेतला जातो आणि त्याच्या बदल्यात तुम्हाला अमुक एक सेवा मिळालीच पाहिजे, असे बंधन नसते. फी किंवा चार्ज हा सेवेशी जोडलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये शिरूर मठाच्या खटल्यात हा भेद स्पष्ट केला. पुढच्या निकालांनी तो थोडा सैल केला. दिलेल्या फीच्या रुपयान् रुपयाची सेवा मोजून दाखवायची गरज उरली नाही. तरी सेवेशी नाते असावे लागते, हे तत्त्व कायम आहे. रहिवाशांचे म्हणणे न्यायाच्या दृष्टीने वजनदार वाटते, पण ‘सेवा मिळाली नाही म्हणून देणार नाही’ हा युक्तिवाद फीला जितका लागू पडतो तितका टॅक्सला पडत नाही. लढायचे असेल तर कोणत्या शब्दाशी लढतो आहोत, हे आधी कळले पाहिजे.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातही असाच एक जोड दिसतो. घराच्या दस्तावर आपण मुद्रांक शुल्क भरतो, ती स्टॅम्प ड्यूटी. ड्यूटी हाही एक करच, पण वस्तूवर, दस्तावर किंवा व्यवहारावर बसणारा. तो करारातली किंमत आणि रेडी रेकनरनुसार, म्हणजे शासनाच्या दरपत्रकानुसार, येणारी किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर आकारतात. त्याच वेळी आपण नोंदणी फी भरतो. ती दस्त नोंदवून घेण्याच्या कामाची. महाराष्ट्रात ती किमतीच्या 1 टक्का, पण जास्तीत जास्त 30,000 रुपये. घर 40 लाखांचे असो वा 2 कोटींचे, फी तेवढीच राहते, ड्यूटी मात्र किमतीबरोबर वाढत जाते. यातच सेस हा आणखी एक शब्द येतो. ठरावीक कामासाठी बसवलेला कर म्हणजे सेस, म्हणजे उपकर. आयकरावरचा 4 टक्क्यांचा आरोग्य व शिक्षण उपकर हे त्याचे रोजचे उदाहरण.

लीज आणि लायसन्स

पनवेल स्टेशनच्या एका बाजूला जुने पनवेल आहे, दुसऱ्या बाजूला सिडकोने वसवलेले नवीन पनवेल. दोन्हीकडे लोक ‘माझे घर’ म्हणतात आणि ते बरोबरच आहे. पण घराखालच्या जमिनीचा हक्क दोन प्रकारचा असू शकतो. जुन्या गावठाणात आणि खासगी जमिनीवर बहुधा फ्रीहोल्ड असते, म्हणजे मालकी हक्क. सिडकोच्या वसाहतींत भूखंड वर्षानुवर्षे 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले गेले. ते लीजहोल्ड. जमिनीची मालकी देणाऱ्याकडे राहते आणि घेणाऱ्याला ठरलेल्या मुदतीपुरता, ठरलेल्या अटींवर हक्क मिळतो. म्हणूनच घर विकताना सिडकोची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क हा विषय या वसाहतींत घरोघरी ओळखीचा आहे. जाहिरातीत ‘क्लिअर टायटल’ लिहिलेले असले तरी ते टायटल मालकीचे की भाडेपट्ट्याचे, हे विचारलेच पाहिजे.

भाड्याच्या घराचा कागद याहून वेगळा. आपण त्याला ‘भाडेकरार’ म्हणतो, पण कागदावर बहुतेक वेळा ‘लिव्ह अँड लायसन्स’ असते. लीजमध्ये जागेतला काही हक्क भाडेकरूकडे जातो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याने केलेली व्याख्या अशी आहे. लायसन्समध्ये जागेतला कोणताही हक्क जात नाही, फक्त वापरण्याची परवानगी मिळते. हा शब्द सुखाधिकाराच्या कायद्यातला. तोही 1882 चाच. लीजमधला पैसा रेंट, लायसन्समधला पैसा लायसन्स फी. लीजवर राहतो तो टेनंट, लायसन्सवर राहतो तो लायसन्सी.

फरक कुठे जाणवतो? मुदत संपल्यावर. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या 24 व्या कलमानुसार राहण्यासाठी लायसन्सवर घेतलेले घर मुदत संपल्यावर सोडले नाही, तर लायसन्सीला ठरलेल्या रकमेच्या दुप्पट रक्कम द्यावी लागते आणि घरमालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन तुलनेने लवकर ताबा मागता येतो. भाडेकरूला घराबाहेर काढणे त्यामानाने फार अवघड.

11 महिन्यांच्या कराराविषयीही एक गैरसमज दूर करायला हवा. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा लीज नोंदवावा लागतो, असे 1908 चा नोंदणी कायदा सांगतो. त्यातून 11 महिन्यांची पद्धत देशभर रूढ झाली. महाराष्ट्रात मात्र भाडे कायद्याच्या 55 व्या कलमाने 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सही लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी केली नाही तर त्याला शिक्षा होऊ शकते आणि करारातल्या अटींबद्दल वाद झाला, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. नोटरीच्या शिक्क्यावर समाधान मानणाऱ्या घरमालकाने हे जरूर लक्षात घ्यावे.

आणखी एक बारकावा. कागदाच्या माथ्यावर ‘लायसन्स’ लिहिले म्हणून तो लायसन्स होत नाही. असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्ये सांगितले की दस्ताचे नाव पाहू नका, त्यात प्रत्यक्ष कोणते हक्क दिले आहेत ते पाहा. शब्द महत्त्वाचा आहेच, पण त्यामागचा व्यवहार शब्दाशी जुळला पाहिजे.

कार्पेट, बिल्ट-अप, सुपर बिल्ट-अप

घराच्या मापात तीन शब्द ऐकू येतात. बिल्ट-अप म्हणजे भिंतींच्या जाडीसह घराचे क्षेत्र. सुपर बिल्ट-अप किंवा सेलेबल म्हणजे त्यात जिना, लिफ्ट, लॉबी यांतला वाटाही मिळवलेला. कार्पेट म्हणजे प्रत्यक्ष वापरता येणारे क्षेत्र. 2016 च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा, कायद्याने कार्पेटची व्याख्या नेमकी केली. बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, त्या घरापुरती असलेली बाल्कनी आणि उघडी गच्ची त्यात धरायची नाही. आतल्या पार्टिशनच्या भिंती मात्र धरायच्या.

समजा, एका ब्रोकरने 650 चौरस फुटांचा वन बीएचके सांगितला आणि करारात रेरा कार्पेट 430 निघाले. 45 लाखांच्या त्या घराचा दर पहिल्या मापाने सुमारे 6,900 रुपये फूट पडतो, दुसऱ्या मापाने जवळजवळ 10,500. दोन इमारतींची तुलना करताना एकीचे सेलेबल आणि दुसरीचे कार्पेट धरले, तर स्वस्त वाटणारे घर महाग निघते. म्हणून विचारायचा प्रश्न एकच: रेरा कार्पेट किती आणि बाल्कनी वेगळी किती?

साठेखत, खरेदीखत आणि एकच ‘सीसी’

‘ॲग्रीमेंट झाले, घर आपले झाले’ असे म्हणण्याची घाई आपण करतो. ॲग्रीमेंट फॉर सेल म्हणजे साठेखत. यापुढे ठरल्या अटींवर विक्री होईल, असा तो करार. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे 54 वे कलम स्पष्ट सांगते की केवळ अशा कराराने मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही. मालकी जाते ती सेल डीडने, म्हणजे खरेदीखताने. मराठीत या दोन दस्तांना दोन वेगळे शब्द आहेत. इमारतींच्या बाबतीत कन्व्हेयन्स, म्हणजे अभिहस्तांतरण, हा तिसरा टप्पा येतो. त्यात जमिनीचा हक्क बिल्डरकडून सोसायटीकडे येतो. बिल्डरने टाळाटाळ केली तर सोसायटीला मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स, मागता येते. रेराने आणखी एक संरक्षण दिले आहे: साठेखत नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

परवानग्यांच्या बाबतीत तर ‘सीसी’ हीच आद्याक्षरे दोन दाखल्यांसाठी वापरली जातात. कमेन्समेंट सर्टिफिकेट म्हणजे बांधकाम सुरू करायला परवानगी. कम्प्लिशन सर्टिफिकेट म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला. एक आरंभाचा, दुसरा शेवटचा. ‘प्रोजेक्टला सीसी आहे’ असे कोणी सांगितले की कोणती सीसी, हे विचारा. आणि राहायला जायचे असेल तर ओसी, म्हणजे ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, मराठीत भोगवटा प्रमाणपत्र, मागा. याचा पैशाशीही संबंध आहे. बांधकाम चालू असलेल्या राहत्या घरावर 1 एप्रिल 2019 पासून 5 टक्के आणि परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्या घरावर 1 टक्का जीएसटी लागतो. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर तो लागत नाही.

मॉर्गेज, हायपोथेकेशन, प्लेज

घरावर कर्ज काढले, गाडीवर काढले, सोन्यावर काढले. मराठीत तिन्ही ठिकाणी ‘तारण’ म्हणतो, बँकेच्या कागदावर मात्र तीन शब्द असतात. स्थावर मालमत्ता गहाण ठेवली की मॉर्गेज. सोने बँकेच्या तिजोरीत ठेवले की प्लेज, कारण वस्तूचा ताबा बँकेकडे जातो. गाडीवरचे कर्ज हे हायपोथेकेशन: गाडी तुमच्या दारात असते, बँकेचे नाव आरसी बुकावर असते. कर्ज फिटले तरी ते नाव आपोआप जात नाही. बँकेचा ना हरकत दाखला घेऊन आरटीओत ते काढून घ्यावे लागते. पनवेलचा जुना शेतकरी ‘नजरगहाण’ आणि ‘ताबेगहाण’ यांतला फरक चांगला ओळखत असे. ताबा कोणाकडे राहणार, यावरच तिथेही सारे ठरत असे.

नॉमिनी आणि वारस

घरातला कर्ता माणूस गेल्यावर सर्वांत जास्त भांडणे याच जोडीवरून होतात. नॉमिनी म्हणजे नामनिर्देशित व्यक्ती. बँक, सोसायटी यांनी पैसे किंवा कागद कोणाच्या हाती द्यावेत, एवढे ते नाव सांगते. वारस कोण, हे मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. शेअर्सच्या बाबतीत नॉमिनी हा पूर्ण मालक ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 14 डिसेंबर 2023 रोजी स्पष्ट केले. गृहनिर्माण संस्थांसाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात 2019 मध्ये झालेली दुरुस्तीही याच दिशेची आहे. कायदेशीर वारस सभासद होईपर्यंत नॉमिनीला प्रोव्हिजनल मेंबर, म्हणजे तात्पुरता सभासद, करता येते. मोठ्या मुलाचे नाव नॉमिनी म्हणून लावले, म्हणून धाकट्या मुलीचा हिस्सा संपत नाही. घर कोणाला द्यायचे हे मनात नक्की असेल, तर मृत्युपत्र करावे. नुसत्या नॉमिनेशनच्या फॉर्मवर विसंबू नये.

मोबदला मिळाला, पुनर्वसन झाले का?

शेवटची जोडी पनवेलच्या मातीत सर्वांत खोल रुजलेली आहे. नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या त्या 1894 च्या भूसंपादन कायद्याखाली. त्या कायद्याला कॉम्पेन्सेशन, म्हणजे मोबदला, एवढाच शब्द ठाऊक होता. जमिनीची किंमत दिली की सरकारचे कर्तव्य संपले. जमीन गेल्यावर माणसाने जगायचे कसे, हा प्रश्न त्या कायद्यात नव्हता. तो रस्त्यावर विचारला गेला. पनवेलचे आमदार राहिलेले दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. पुढे विकसित भूखंडाची साडेबारा टक्के योजना आली, तिच्यामागे हे बलिदान आहे.

2013 च्या नव्या कायद्याने आपल्या नावातच तीन वेगळे शब्द घातले: कॉम्पेन्सेशन, रिहॅबिलिटेशन आणि रिसेटलमेंट. मराठी नावात ते भरपाई, पुनर्वसन आणि पुनर्वसाहत असे आले. भरपाई ही गेलेल्या जमिनीची. पुनर्वसाहत म्हणजे दुसऱ्या जागी घर, रस्ता, शाळा, पाणी. पुनर्वसन म्हणजे माणसाचा रोजगार आणि जगणे पुन्हा उभे करणे. विमानतळासाठी चिंचपाडा, कोपर, कोल्ही, गणेशपुरी, तरघर अशी गावे हलली. त्यांच्या बाबतीत हे तीन हिशेब वेगवेगळे मांडावे लागतात. भूखंड मिळाला म्हणजे भरपाई झाली. नवे घर बांधले म्हणजे पुनर्वसाहत झाली. खाडीवर मासेमारी करून पोट भरणाऱ्याला नवे काम मिळाले का, हा तिसरा हिशेब. ‘पुनर्वसन झाले’ असे एका वाक्यात सांगितले की हा तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही. त्यामुळे प्रकल्पग्रस्तांच्या प्रत्येक बैठकीत हे तीन शब्द वेगळे लिहिले आणि वेगळे विचारले गेले पाहिजेत.

या सगळ्या शब्दांसाठी कायद्याची पदवी लागत नाही. त्यातल्या बहुतेकांना मराठीत जुने, नेमके शब्द आहेत: साठेखत, खरेदीखत, भाडेपट्टा, भोगवटा, नजरगहाण, वारस. कागद हाती आला की इंग्रजी शब्दाखाली रेघ मारा, त्याचा मराठी शब्द वकिलाकडून किंवा दुय्यम निबंधक कार्यालयातून विचारून घ्या आणि तीन गोष्टी पाहा: मालकी कोणाची, ताबा कोणाचा, मुदत किती. या तीन उत्तरांशिवाय सही करू नका.